मुक्काम हरवलेला प्रवास

प्रवास हा शब्द आपण दिवसातून दहादा उच्चारतो, परंतु त्याच्या पोटात काय दडले आहे याकडे सहसा लक्ष देत नाही. ‘वस्’ म्हणजे राहणे. त्यास ‘प्र’ हा उपसर्ग लागला आणि प्रवास झाला. घरापासून दूर जाऊन राहणे, हा त्याचा मूळ अर्थ. कालिदासाचा यक्ष वर्षभर रामगिरीवर राहतो. तो रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे वा. वि. मिराशी यांचे प्रतिपादन. सरगुजातील रामगड, असे छत्तीसगडातील पुष्कळांचे मत. तो कोठेही असो. यक्ष तेथून पाऊलभरही हलत नाही. हिंडतो तो मेघ. तथापि प्रवासी म्हणावयाचे ते यक्षालाच. थोडक्यात, या शब्दाने चालण्यापेक्षा थांबण्याला अधिक मान दिला आहे.

आपल्या काळाने हा मान काढून घेतला. आज प्रवास म्हणजे दोन ठिकाणांमधले अंतर आणि ते तोडण्यास लागणारे तास. या नव्या व्यवहाराचे सर्वांत परिचित वाहन म्हणजे बस. ‘ऑम्निबस’ या लॅटिन शब्दाचा हा शेपटाकडचा तुकडा. मूळ शब्दाचा अर्थ ‘सर्वांसाठी’. मराठी कानाला मात्र त्यात एक आज्ञा ऐकू येते, आणि एकदा आत शिरल्यावर ती आज्ञा निमूटपणे पाळण्यावाचून गत्यंतर नसते.

रायपूरच्या उत्तरेला बीरगाव आहे. एके काळचे हे खेडे उरला येथील औद्योगिक वसाहतीच्या शेजाराने वाढत गेले आणि आता तेथे स्वतंत्र महानगरपालिका आहे. पोलादाच्या भट्ट्या, रोलिंग मिल, कारखान्यांच्या चिमण्या आणि पाळ्यांच्या वेळा सांगणारे भोंगे, असा तेथील दिनक्रम. मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांची फौज छत्तीसगडात उतरली. पुढे बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले. १९५६ पर्यंत रायपूर ज्या राज्यात होते त्याची राजधानीही नागपूरच होती. पोटापाण्यासाठी आलेली, येथेच स्थिरावलेली आणि घरात मराठी, अंगणात छत्तीसगढी बोलणारी कुटुंबे या भागात आहेत. अशाच एखाद्या घरातील पती-पत्नी श्रोत्यांनी कल्पनेने डोळ्यांसमोर आणावीत. त्यांना नावे देण्याचे कारण नाही. अशी जोडपी कोणत्याही स्थानकावर भेटतात.

गृहस्थाची पस्तीस वर्षे रोलिंग मिलमध्ये गेली. पत्नीचीही तेथेच गेली असे म्हटले पाहिजे, कारण ज्या भोंग्याने तो घराबाहेर पडे त्याच भोंग्याच्या आधी तासभर तिला उठावे लागे. मुले मार्गी लागली, निवृत्तीचे पैसे हाती आले आणि दिवाळीनंतर तीन महिने हिंडावयाचे असे दोघांनी ठरवले. आधी नेपाळ, मग जनकपूर आणि बोधगया, परतताना काशी आणि प्रयाग. दुर्गहून नौतनव्याला जाणारी गाडी रायपुरावरून जाते. गाडी उरकुरा स्थानकाजवळून निघाली तेव्हा खिडकीतून ओळखीच्या चिमण्या मागे पडताना दोघांनी पाहिल्या. आयुष्यात प्रथमच भोंगा त्यांच्यासाठी नव्हता.

नौतनव्यापासून सोनौलीची सरहद्द जवळच आहे. दोन देशांमधील हे दार सताड उघडे असते. भारतीयास येथे पारपत्र लागत नाही की परवाना लागत नाही. ओळखपत्र जवळ असले म्हणजे पुरते. १९५० सालच्या भारत-नेपाळ मैत्री कराराची ही पुण्याई. कमानीखालून पलीकडे गेले की घड्याळ पंधरा मिनिटे पुढे सरकवावे लागते आणि शंभर रुपयांचे एकशेसाठ नेपाळी रुपये होतात. परदेश, परदेश म्हणून जो धसका पत्नीने मनाशी बाळगला होता तो दुकानांच्या पाट्या पाहताच निवळला. सर्व पाट्या देवनागरीत होत्या. शब्द काही कळत, काही कळत नसत. परंतु अक्षरे माहेरची होती.

लुंबिनीला ती दोघे चार दिवस राहिली. तेथे अशोकाचा स्तंभ आहे; १८९६ साली त्याच्यावरील लेख उजेडात आला आणि बुद्धाच्या जन्मस्थानाविषयीचा वाद मिटला. राज्याभिषेकानंतर वीस वर्षांनी आपण स्वतः येथे आलो होतो, असे त्या लेखात सम्राटाने नोंदवून ठेवले आहे. बीरगावच्या माणसाला बौद्ध अवशेष नवखे नसतात. रायपूरपासून दीड-दोन तासांच्या वाटेवर महानदीकाठी सिरपूर आहे, आणि मोरेश्वर गंगाधर दीक्षित या मराठी पुरातत्त्वज्ञाने १९५०च्या दशकात तेथे उत्खनन करून विहार उजेडात आणले. सातव्या शतकातील चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग लुंबिनीला आला होता आणि पुढे दक्षिण कोसलातही गेला होता. त्याने पाहिलेली राजधानी म्हणजे सिरपूरच, असे अनेक अभ्यासक मानतात. एकाच माणसाच्या पायांनी जोडलेली ही दोन टोके. परंतु तो वाटेत विहारांतून राहत होता, भाषा शिकत होता, ग्रंथ उतरवून घेत होता. त्याचा प्रवास शब्दशः प्रवास होता.

लुंबिनीनंतर काठमांडू गाठावयाचे होते. भैरहव्याहून बुटवल, तेथून पूर्वेस नारायणघाट, मग त्रिशूली नदीच्या कडेने मुग्लिन, आणि शेवटी चढ चढून काठमांडूचे खोरे. अंतर सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. दिवसाची बस होती, तशी रात्रीचीही होती. गृहस्थाने हिशेब केला. रात्रीच्या बसने गेले तर एका खोलीचे भाडे वाचते आणि एक दिवस हाती राहतो. आयुष्यभर काटकसर केलेल्या माणसाला हा मोह आवरत नाही. पत्नी काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याला त्याने होकार मानले; चौतीस वर्षे तो तसेच मानीत आला होता.

रात्रीच्या बसचे वर्णन ज्याने ती केली आहे त्याला सांगावयास नको. मागच्या रांगेतील आसने मिळाली. गुडघे पुढच्या आसनाला टेकलेले, पायांशी कोणाची तरी तांदळाची गोणी, डोक्यावर न थांबणारी गाणी. खिडकी उघडली तर धूळ आत येई, मिटली तर डिझेलचा आणि कोणाच्या तरी ओकारीचा वास कोंडून राही. डोळा लागतो न लागतो तोच खड्डा येई आणि मान हिसडली जाई. दोन-तीन तासांनी पत्नीने चपला काढल्या, कारण पाय सुजले होते. गृहस्थाने पाण्याची बाटली पुढे केली. तिने मानेनेच नको म्हटले. थोड्या वेळाने पुन्हा पुढे केली, पुन्हा नको.

“अगं, दुपारपासून पाणी प्यायली नाहीस तू,” तो म्हणाला.

“प्यायले की उतरावं लागतं,” ती म्हणाली. “आणि उतरून जायचं कुठं? मघाशी गाडी थांबली तेव्हा तुम्ही पुरुष सगळे रस्त्याच्या कडेला गेलात. आम्ही बायका तशाच बसून होतो.”

गृहस्थ गप्प झाला. पंढरपूर, रामटेक, मुलाच्या नोकरीच्या गावी अनेकदा, असे किती प्रवास त्यांनी एकत्र केले होते. त्या प्रत्येक प्रवासात ती अशीच तहानलेली बसली होती काय, हा प्रश्न त्याला प्रथमच पडला. आणि उत्तर विचारण्याचा धीर झाला नाही.

हे केवळ गैरसोयीचे दुःख नाही. ते जिवावरही बेतू शकते. १९४० साली लंडनवर बाँबवर्षाव चालू असता लोक आश्रयस्थानांत रात्र रात्र खुर्च्यांवर बसून काढीत. त्यांपैकी काही जण बाँबने नव्हे, तर फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून दगावले, हे तेथील वैद्यकतज्ज्ञांच्या ध्यानात आले. दीर्घकाळ पाय लोंबते ठेवून बसल्याने पोटऱ्यांतील रक्त साकळते आणि तेथील गुठळी सुटून वर सरकते. चार तासांहून अधिक सलग प्रवासाने हा धोका सुमारे दुप्पट होतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केला. मुळात तो धोका लहान आहे, हे खरे. सहा हजारांत एखाद्याला तो गाठतो. वय झालेल्या, सुजल्या पायांच्या माणसाला तो अधिक. अशा माणसाने दर दोन-तीन तासांनी उठून चालावे आणि पाणी पीत राहावे, इतकी साधी यावरची काळजी आहे. परंतु जेथे स्त्रियांसाठी आडोसा नाही तेथे पाणी प्या असे सांगणे म्हणजे नुसता उपदेश. शौचालयाचा प्रश्न हा प्रवासाच्या कडेचा प्रश्न नव्हे, तो प्रवासाच्या मधोमध असलेला प्रश्न आहे.

नारायणघाट मागे पडले आणि रस्ता नदीकाठच्या दरीत शिरला. गृहस्थाला झोप नव्हती. चालकाच्या डोक्यावरील आरशात त्याचा चेहरा अधूनमधून दिसे. त्या चेहऱ्यावरील पापण्यांची एक विशिष्ट हालचाल गृहस्थाने ओळखली. तिसऱ्या पाळीत, पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान, लालबुंद सळई यंत्रातून बाहेर येत असताना चिमटा धरून उभ्या असलेल्या माणसाच्या पापण्या अशाच मिटत आणि दचकून उघडत. त्याच वेळी बोटे तुटतात, हे गिरणीतला प्रत्येक जण जाणतो. तेथे शेजारचा माणूस हाक तरी मारी. येथे हाक मारणारा साहाय्यक स्वतःच दाराशी बसून पेंगत होता.

या भीतीला आधार नव्हता असे कोण म्हणेल? याच नारायणघाट-मुग्लिन रस्त्यावर, सिमलताल येथे, १२ जुलै २०२४ रोजी पहाटेपूर्वी दरड कोसळली आणि साठाच्या आसपास प्रवासी असलेल्या दोन बस त्रिशूलीत वाहून गेल्या. पुढे दीड महिनाही लोटला नाही तोच, २३ ऑगस्ट २०२४ रोजी, पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली एक बस तनहूं जिल्ह्यात आंबूखैरेनीजवळ मर्स्यांग्दी नदीच्या दिशेने खाली कोसळली. तीत महाराष्ट्रातील, जळगाव जिल्ह्यातील यात्रेकरू होते. त्या अपघातात एकूण सत्तावीस जणांना मृत्यू आला. हा अपघात दिवसाउजेडी घडला. त्याच्या कारणांचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे, आणि दिवसा गेले म्हणजे सारे सुखरूप, असेही कोणी समजू नये. डोंगराच्या वाटेवर पाऊस, दरड आणि दैव यांचा हिशेब कोणाच्याच हाती नसतो. परंतु म्हणूनच जेवढे आपल्या हाती आहे तेवढे तरी हाती ठेवावे. थकलेला चालक आणि थकलेला प्रवासी, या दोन गोष्टी दैवाच्या खाती मांडता येत नाहीत.

आपल्या देशातील कायद्याने हे फार पूर्वी ओळखले. १९६१च्या मोटार परिवहन कामगार अधिनियमाने चालकाच्या कामाचे तास सर्वसाधारणपणे दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस ठरवले. सलग पाच तासांहून अधिक काम होण्यापूर्वी निदान अर्धा तास विश्रांती मिळाली पाहिजे, असा दंडकही घातला. कायद्याचे कलम हे तसे रूक्ष असते. पण या रूक्ष कलमाचा अर्थ काय? माणसाच्या शरीराला मुक्काम लागतो, हेच ते सांगते. तथापि कायद्याची अंमलबजावणी करणारा अधिकारी रस्त्यावर प्रत्येक वळणावर उभा राहू शकत नाही. आठ दिवसांत बारा ठिकाणे दाखवणारी स्वस्त यात्रा जोवर आपणच मागतो आहोत, तोवर ती पुरवणारा गाडी रात्रीही पळवणारच.

पूर्वीच्या लोकांना वेळ स्वस्त होता म्हणून ते मुक्काम करीत, असे कोणी म्हणेल. ते अर्धेच खरे आहे. १९५६ साली भारताच्या साहाय्याने त्रिभुवन राजपथ तयार झाला. तोपर्यंत काठमांडूच्या खोऱ्यात बाहेरून मोटार चालत येऊ शकत नव्हती. तेथील श्रीमंतांच्या मोटारी हमालांनी खांद्यावरून डोंगर ओलांडून नेल्या होत्या. पशुपतिनाथाचा यात्रेकरू रक्सौलहून लहान गाडीने अमलेखगंजला जाई आणि भीमफेदीनंतरचे डोंगर पायी चढे. वाटेत मुक्काम न करता जाण्याचा पर्यायच नव्हता. परंतु ज्यांच्यापाशी बस होती त्यांनीही मुक्काम सोडले नव्हते. १५ एप्रिल १९५७ रोजी गॅरो-फिशर नावाच्या गृहस्थाची ‘इंडियामन’ ही बस वीस उतारू घेऊन लंडनहून कलकत्त्यास निघाली. युरोप, तुर्कस्तान, इराण, पाकिस्तान ओलांडून ती ५ जूनला कलकत्त्यास पोहोचली. सुमारे पन्नास दिवस लागले, कारण मधल्या रात्री हॉटेलात किंवा तंबूत घालवलेल्या होत्या.

आणि आपल्याकडील वारी? आळंदी ते पंढरपूर हे अंतर भैरहवा-काठमांडूपेक्षा थोडे कमीच भरेल. पालखी त्याला जवळजवळ तीन आठवडे घेते. ठरलेल्या ठिकाणी दुपारचा विसावा, ठरलेल्या गावी रात्रीचा तळ. वाटेवरच्या गावाला वाटते, माउली आपल्याकडे राहावयास आली. अहिल्याबाई होळकरांनी भारतभर घाट बांधले, विहिरी खोदल्या, धर्मशाळा उभारल्या. दैवताच्या दर्शनाइतकीच दर्शनाला जाणाऱ्याची रात्रही त्यांना महत्त्वाची वाटली होती. धर्मशाळा या शब्दात धर्म आहे तो याच कारणाने असावा.

आता पुन्हा आपल्या बसकडे वळू. पहाटेच्या अंधारात बस मुग्लिनला थांबली. येथे मर्स्यांग्दी येऊन त्रिशूलीला मिळते. काठमांडू, पोखरा आणि तराई या तिन्ही दिशांच्या वाटा येथे एकत्र येतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना जेवणावळी आहेत, त्यांच्या माडीवर राहण्याच्या खोल्या. पत्नी प्रथम उतरली आणि एका जेवणावळीच्या बाईशी खुणांनी बोलून मागच्या अंगाला गेली. परत येऊन तिने बाकावर बसून तांब्याभर पाणी प्यायले. मग पुन्हा मागितले. साहाय्यकाने शिटी वाजवली, लोक चढू लागले. ती उठली नाही.

“अहो,” ती म्हणाली, “बस झालं. आपण इथंच राहू.”

त्याच्या तोंडी प्रथम आले ते तिकिटाचे पैसे. काठमांडूपर्यंतचे भाडे भरले होते, अजून शंभराहून अधिक किलोमीटर बाकी होते. परंतु ते शब्द त्याने गिळले. त्याने आरशातील ते डोळे पाहिले होते, आणि तिची बाटली पाहिली होती, जी रात्रभर भरलेली राहिली होती. तो वर चढला, दोन्ही पिशव्या काढून खाली घेऊन आला. चालकाकडे बोट करून साहाय्यकाला म्हणाला, “त्यांना चहा पाजा आणि थोडं निजू द्या.” साहाय्यक हसला. पण चालक खरोखरच उतरला आणि नळाखाली बराच वेळ डोके धरून उभा राहिला. बस अर्ध्या तासाने गेली. ती काठमांडूला सुखरूप पोहोचली, असेच आपण मानू. शेकडो बस रोज तशा पोहोचतात.

दोघे दुपारपर्यंत झोपली. उठल्यावर वरण, भात आणि पालेभाजी जेवली. संध्याकाळी दोन नद्यांचा संगम पाहण्यास पुलावर गेली. त्या गावात पाहण्यासारखे काही नाही, असेच प्रवासी मानतात. ते गाव केवळ जेवून पुढे जाण्याचे. तेथे हे जोडपे दोन रात्री राहिले. जेवणावळीच्या बाईने तिसऱ्या जेवणाला पत्नीला स्वयंपाकघरात बोलावले आणि गुंद्रुकची, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याची, आमटी कशी करतात ते दाखवले. नेपाळी आणि छत्तीसगढीच्या दरम्यान कोठेतरी त्यांचे बोलणे चालले होते. दोन देशांची सरहद्द खऱ्या अर्थाने ओलांडली गेली ती तेथे.

तिसऱ्या दिवशी सकाळी उजेडात निघून ती दुपारी काठमांडूला पोहोचली. पुढील प्रवासासाठी पत्नीने एक नियम घातला: सूर्य मावळला की उतरावयाचे, मग गाव कोणतेही असो. गृहस्थाने खर्चाच्या वहीत मुग्लिनच्या दोन रात्रींचे भाडे लिहिले आणि शेजारी वाया गेलेल्या तिकिटाची रक्कम लिहिली. बेरीज केली नाही. उरलेल्या अडीच महिन्यांत बस कोठेही थांबली की तो तिच्या आधी खाली उतरे, चहाच्या टपरीकडे न जाता आधी आडोसा कोठे आहे याची चौकशी करी, आणि परत येऊन खिडकीतून पाण्याची बाटली आत देई. ती आता पाणी पीत होती.